टेलिप्रॉम्प्टर : आठवण करून देणारा, की बोलविता धनी?

अनुवादिका :

नमस्कार. एका रविवार पुरवणीसाठी अमेरिकी राजकारण्यांच्या भाषणांवरचा दीर्घ लेख मराठीत करते आहे आणि ‘टेलिप्रॉम्प्टर’ (भाषणाचा मजकूर वक्त्यापुढे काचेवर दाखवणारं यंत्र) या शब्दापाशी तीन दिवस अडले आहे. शब्द आहे तसा ठेवला तर प्रश्न सुटेल असं आधी वाटलं होतं. पण लेखात तो पानोपानी येतो आणि दर वेळी त्याच्या जोडीला क्रियापद कोणतं घ्यावं ते ठरत नाही.

दोन प्रसंग सांगते. २३ सप्टेंबर २०२५ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ट्रम्प बोलायला उभे राहिले तेव्हा यंत्र चालेना. टेलिप्रॉम्प्टरविना बोलायला आपली हरकत नाही, तसं बोलणं अधिक मनापासून होतं, असं ते म्हणाले. आणि लगेच, हे यंत्र जो कोणी चालवतोय त्याचं काही खरं नाही, असंही म्हणाले. (यंत्र व्हाइट हाऊसचीच माणसं चालवत होती, असं नंतर संयुक्त राष्ट्रांकडून सांगण्यात आलं.) दुसरा प्रसंग २४ एप्रिल २०२४चा, वॉशिंग्टनमधला. बांधकाम कामगारांच्या संघटनांपुढे बोलताना बायडन ‘आणखी चार वर्षं’ म्हणाले आणि त्यापुढे काचेवर थांबण्याची जी सूचना होती, तीही त्यांनी वाचून टाकली.

आता यात बायडन ‘बोलले’, की त्यांनी ‘वाचलं’? यंत्राने त्यांना ‘आठवण दिली’, ‘सांगितलं’, की ‘दाखवलं’? आणि एवढ्या वापरातल्या वस्तूला आपला असा शब्द कुणी योजलाय का?

शब्दयात्री :

अनुवादिकाताई, प्रतिशब्द घडवायचा तर ‘दूरस्मारक’ कसा वाटतो? दूरध्वनी, दूरदर्शन यांच्या ओळीत बसतो. ‘बोलपट’ आणि ‘महापौर’ रुळायलाही वेळ लागलाच होता. सावरकरांनी ते दिले तेव्हा लोकांना ते जडच वाटले असणार. ‘पाठदर्शक’ किंवा ‘संहितादर्शक’ हेही चालतील.

अनुवादिका :

‘दूरस्मारक’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पुतळा आणि चबुतरा येतो. ‘स्मारक’चा तो अर्थ आता इतका घट्ट झालाय की तो बाजूला सारून ‘स्मरण करून देणारा’ हा मूळ अर्थ वाचकापर्यंत पोचणार नाही.

‘दूर’बद्दलही शंका आहे. हे यंत्र १९५०च्या सुमारास अमेरिकेत टेलिव्हिजनच्या स्टुडिओसाठी तयार झालं. कॅमेऱ्याशेजारच्या पेटीत कागदाची गुंडाळी, तिच्यावर मोठ्या टायपात संवाद, आणि ती मोटरवर हळूहळू सरकत जायची. १९५०च्या डिसेंबरात सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या एका मालिकेत ते पहिल्यांदा वापरलं गेलं. टेलिप्रॉम्प्टर हे त्या कंपनीचं आणि तिच्या मालाचं नाव होतं, पुढे ते सरसकट सगळ्याच यंत्रांना लागलं. ब्रिटनमध्ये हेच ‘ऑटोक्यू’ या दुसऱ्या कंपनीच्या नावाचं झालं. म्हणजे आपण मूळ धातू शोधत बसलोय तो शब्द खरं तर व्यापारी नाव आहे. आपण ‘झेरॉक्स’ म्हणतो तेव्हा त्यातल्या ग्रीक भागांची फोड करत नाही. शिवाय मजकूर वक्त्यापासून चार-पाच फुटांवर असतो. त्यात दूरचं असं काही नाही.

‘संहितादर्शक’ मात्र मी बाजूला ठेवलाय. त्यावर अजून कुणी बोलावं.

विंगेतला :

मी राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय, म्हणून लिहितो. ‘प्रॉम्प्टर’ हा शब्द मी परका मानत नाही. आमच्या गावच्या उत्सवी नाटकात इंग्रजीचा गंध नसलेली माणसंही ‘प्रॉम्टर कोण आहे रे यंदा?’ असंच विचारायची. ‘प्रॉम्प्ट देणे’, ‘प्रॉम्प्ट घेणे’ ही क्रियापदंही मराठीत बसलेली आहेत. तेव्हा अर्धा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे.

अडचण वेगळीच आहे. विंगेतला प्रॉम्प्टर नाटक वाचून दाखवत नाही. नाटक नटाला पाठ असतं. तो अडला की अडलेल्या वाक्याचे पहिले दोन शब्द आम्ही पुरवतो, बाकीचं तो उचलतो. या कामातलं खरं कसब म्हणजे नट थांबलाय तो विराम आहे की फंबल, म्हणजे वाक्य विसरून अडणं, आहे हे ओळखणं. विरामात प्रॉम्प्ट दिला तर नट प्रयोगानंतर तोंडावर बोलतो आणि फंबलमध्ये नाही दिला तर अख्खा प्रवेश कोसळतो. मी दोन्ही चुका केल्यात. त्यातली एक स्पर्धेच्या अंतिम फेरीत झाली, ती आजही आठवली की पोटात कालवतं.

टेलिप्रॉम्प्टर हे काहीच करत नाही. तो सगळी संहिताच समोर धरतो. त्याला विसरणं, अडणं, उचलणं यांच्याशी देणंघेणं नाही. म्हणून ‘आठवण देणारा’ या अर्थाचा कुठलाही शब्द इथे चुकीचाच ठरेल. काम बघितलं तर ‘संहितादर्शक’ बरोबर आहे, फक्त जीभ त्यावर अडखळते.

बायडन यांच्या प्रसंगाला मात्र आमच्याकडे नेमका शब्द आहे, रंगसूचना. नवखा नट ‘(रागाने) चालता हो’ या वाक्यातलं ‘रागाने’सुद्धा म्हणून जातो. तालमीत हे दर वर्षी घडतं. तेव्हा ‘त्यांनी रंगसूचनाही वाचली’ असं लिहा, वाचकाला लगेच कळेल.

कॅमेऱ्यामागे :

मराठी वृत्तवाहिनीच्या स्टुडिओत काम करतो. आमच्याकडे ‘टेलि’ कुणीच म्हणत नाही, नुसता ‘प्रॉम्प्टर’. ‘प्रॉम्प्टर पळतोय’, ‘प्रॉम्प्टर अडकला’, ‘जरा मागे घे’ ही दिवसभराची वाक्यं. शब्द पुल्लिंगीच चालतो, कॉम्प्युटर, प्रोजेक्टर यांच्यासारखा. लिहिताना ‘टेलि’ ऱ्हस्व ठेवा, जसं टेलिफोन, टेलिव्हिजन.

यंत्राबद्दल एक गैरसमज मोठा आहे. लोकांना वाटतं मजकूर आपोआप सरकतो आणि बोलणारा त्याच्यामागे धावतो. असतं बरोबर उलटं. ऑपरेटर कानात हेडफोन घालून बोलणाऱ्याचा श्वास ऐकत असतो आणि त्याच्या गतीने ओळी सरकवतो. बोलणारा थांबला की ओळही थांबते. विंगेतले यांनी सांगितलेलं कसब इथेही लागतं. बोलणारा पदरचं काही घालतोय की ओळ हरवलीय, हे ऑपरेटरलाही क्षणात ठरवावं लागतं.

नेत्यांच्या सभेतला प्रकार वेगळा. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना उंच दांड्यांवर तिरप्या काचा, खाली जमिनीवर आडवा ठेवलेला पडदा. पडद्यावर अक्षरं उलटी असतात आणि काचेत ती सुलटी होऊन वक्त्याला दिसतात. पलीकडच्या प्रेक्षकाला काच जवळपास पारदर्शक. वक्ता डावी-उजवीकडे मान वळवतो ती सभेवर नजर फिरवण्यासाठी असं वाटतं, पण तो एका काचेवरून दुसऱ्या काचेकडे जात असतो. २०१६च्या जूनमध्ये मोदी अमेरिकी काँग्रेसपुढे इंग्रजीत बोलले ते अशाच काचांवरून.

आता मराठीपुरतं एक सांगतो, ते या चर्चेत यायलाच हवं. प्रॉम्प्टरवर एका ओळीत तीन-चार शब्द मावतात आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं. नकारही शेवटी. ‘पूरग्रस्तांना तातडीची मदत देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाच्या कालच्या बैठकीत झाला’ इथपर्यंत निवेदिका आश्वासक सुरात येते आणि पुढच्या ओळीवर ‘नाही’ उगवतं. सूर बदलायला वेळच उरत नाही. इंग्रजीत नकार बहुधा आधीच येऊन गेलेला असतो. म्हणून आम्ही प्रॉम्प्टरसाठी लिहिताना वाक्य तोडतो : ‘पूरग्रस्तांना मदत नाहीच. कालच्या बैठकीत निर्णय झाला नाही.’ मराठीत टेलिप्रॉम्प्टरवरचं भाषण जरा तुटक वाटतं त्याचं एक कारण हे आहे. दोष भाषेचा नाही, कागदासाठी लिहिलेलं वाक्य काचेवर चढवण्याचा आहे.

ओवीकार :

सगळे नाम शोधताय, पण मराठीत या गोष्टीसाठी वाक्प्रचार तयार आहे : बोलविता धनी. काचेआड मजकूर लिहिणारा एक आणि माइकपुढे तोंड हलवणारा दुसरा. यापेक्षा चपखल काय मिळणार?

अनुवादिका :

हा मोह मलाही झाला होता, म्हणून तपासून पाहिलं. तुकोबांच्या अभंगात ‘बोलविता धनी’ असं नाही. ‘साळुंकी मंजुळ बोलतसे वाणी । शिकविता धनी वेगळाची’ असं आहे. पुढच्या चरणात ‘विश्वंभरें बोलविलें’ येतं. लोकांच्या तोंडी ही दोन्ही चरणं एकत्र मिसळली आणि ‘बोलविता धनी वेगळाच’ तयार झालं, असं मला वाटतं.

फरक मला महत्त्वाचा वाटतो. तुकोबा ते स्वतःबद्दल म्हणतात आणि नम्रतेने म्हणतात, माझं बोलणं माझ्या बळाचं नाही. आज आपण तेच शब्द दुसऱ्याबद्दल आणि संशयाने वापरतो, की याच्यामागे कुणीतरी कारस्थानी बसलाय. अर्थ पार उलटला. लेखात मी ‘बोलविता धनी’ लिहिलं तर वाचक कटाचा अर्थ घेईल. भाषण लिहून देणारा माणूस कारस्थानी नसतो. तो नोकरी करतो. तेव्हा इथे नको.

पेठेतला वाचक :

मुद्दा क्रियापदाचा आहे, तिथे परत येऊ. मराठीत ‘भाषण करणे’ आणि ‘भाषण वाचणे’ यांत आपण पूर्वीपासून फरक करत आलोय. ‘भाषण वाचलं’ हे टीकेचं वाक्य आहे. अपवाद एकच, तो म्हणजे अभिभाषण. राज्यपाल विधिमंडळात अभिभाषण वाचतात, ते लिहिलेलं असतं सरकारने, आणि त्यात राज्यपाल ‘माझे शासन’ म्हणतात. तिथे वाचणं हाच शिष्टाचार. कुणी राज्यपालांना ‘पाठ करून या’ म्हणत नाही. ब्रिटिश संसदेचा संकेत नेमका उलटा आहे. सदस्यांनी टिपणं जवळ ठेवावीत, पण भाषण वाचू नये.

टेलिप्रॉम्प्टरने नेमका हा फरक पुसला. कागद दिसत नाही, म्हणून ‘वाचलं’ असं कुणी लिहीत नाही. वर्तमानपत्रांनी ‘टेलिप्रॉम्प्टरवरून वाचलं’ असंच लिहावं, हे माझं ठाम मत.

विंगेतला :

‘वाचलं’ हे दर वेळी न्यायाचं होणार नाही. २२ सप्टेंबर १९९३ला क्लिंटन अमेरिकी काँग्रेसपुढे आरोग्यसेवेच्या योजनेवर बोलायला उभे राहिले तेव्हा काचेवर फेब्रुवारीतलं जुनंच भाषण होतं. चूक दुरुस्त होईपर्यंत सुमारे सात मिनिटं ते जवळच्या कागदाच्या आणि स्वतःच्या तयारीच्या बळावर बोलले. बघणाऱ्यांना काही कळलं नाही. त्यांनी भाषण ‘वाचलं’ म्हणणं मला पटत नाही. संहिता त्यांच्या अंगात मुरलेली होती.

याउलट ४ जुलै २०१९. पावसात लिंकन स्मारकापुढे ट्रम्प १७७५च्या सैन्याबद्दल बोलताना ‘विमानतळ ताब्यात घेतले’ म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की पावसाने टेलिप्रॉम्प्टर बंद पडला होता. संहिता गेली की माणसाकडे काय उरतं, ते अशा वेळी दिसतं.

अनुवादिका :

पेठेतले वाचक आणि विंगेतले, तुमच्या दोघांच्या म्हणण्यातून मला वाट दिसली. ‘टेलिप्रॉम्प्टरवर पाहून बोलणे’ हे मी सर्वसाधारण क्रियापद धरते. त्यात वाचल्याचा आरोप नाही आणि पाठ असल्याची शाबासकीही नाही. ‘वाचणे’ राखून ठेवते बायडन यांच्या प्रसंगासाठी, जिथे डोळ्यांनी उचललेलं अर्थ लागण्याआधीच तोंडातून बाहेर पडलं.

‘बंद पडला’ हे मात्र जपून लिहायला हवं. १७ जानेवारी २०२२ला दावोसच्या ऑनलाइन परिषदेत पंतप्रधान मोदींचं भाषण मध्येच थांबलं तेव्हा टेलिप्रॉम्प्टर बंद पडल्याचं विरोधकांनी म्हटलं आणि तो दावा पुढे वादात सापडला. अनेक मथळ्यांत मात्र ते घडलेल्या गोष्टीसारखं छापून आलं. शब्द टोमण्यासारखा वापरात आला की बातमीतही टोमण्याचंच काम करतो. अमेरिकेत ओबामांच्या विरोधकांनी तो तसाच वापरला होता. अध्यक्षपदाच्या उमेदवारांना टेलिप्रॉम्प्टरची परवानगीच नसावी, असं ट्रम्प २०१५मध्ये म्हणत होते.

आणखी एक सुचलं. ट्रम्प यांचं ‘मनापासून’. इंग्रजीत पाठ असण्यालाही हृदयाशीच जोडतात, बाय हार्ट. मराठीत पाठ केलेलं हृदयापर्यंत जातच नाही. ते कंठस्थ असतं, मुखोद्गत असतं, तोंडपाठ असतं. गळ्यापाशी थांबतं. ‘मनापासून’ म्हणजे पाठ नसलेलं, हे आपल्या भाषेने आधीच ठरवून टाकलंय. म्हणून ते वाक्य मराठीत मला सरळ उतरलं, काही करावं लागलं नाही.

आता अडलंय ते एवढंच : संहिता सोडून बोलण्याला काय म्हणू? ‘उत्स्फूर्त’ नको, त्यात कौतुक येतं.

कॅमेऱ्यामागे :

मी वर सहज लिहून गेलो तेच घ्या. पदरचं घालणे.

विंगेतला :

पदरची वाक्यं. रंगभूमीवर हाच शब्द. चांगल्या नटाची पदरची वाक्यं पुढच्या प्रयोगापासून संहितेत जातात आणि वाईट नटाची दिग्दर्शक कापतो, शब्द दोघांना एकच.

अनुवादिका :

मिळालं. ‘यंत्र सुरू होईपर्यंत ट्रम्प पदरच्या वाक्यांवर बोलले.’ शीर्षकात ‘टेलिप्रॉम्प्टर’, मजकुरात दुसऱ्या उल्लेखापासून नुसता ‘प्रॉम्प्टर’, आणि यंत्राचं वर्णन येतं त्या एका परिच्छेदात ‘संहितादर्शक काच’. रात्री पान सोडायचंय, हे असंच पाठवते. शब्दयात्री, काचेला लागल्यावर तुमचा ‘संहितादर्शक’ जिभेवर अडखळत नाही, एकदा मोठ्याने म्हणून पाहा.