बेली डान्स शिकायचाय, पण नेमका कुठला?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतून नाशिकला परत आले तरी तिकडच्या आपल्या मराठी मेल-लिस्टवरून नाव काढलेलं नाही, म्हणून हक्काने विचारते. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची धावपळ आता सरली, सकाळचा थोडा वेळ माझा उरतो. शाळेत असताना कथक केलं होतं, आता बेली डान्स शिकायचं डोक्यात आहे. कॉलेज रोडला एके ठिकाणी चौकशी केली. कुठली स्टाइल शिकवता म्हटलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅम, अरेबिक." बॅच बघितली तर निम्मा वेळ झुंबा आणि उरलेला हिंदी गाण्यांवर कंबर हलवणं. घाम निघेल, नाही असं नाही. पण मला नाच शिकायचाय. ऑनलाइन बघावं तर इजिप्शियन, टर्किश, ट्रायबल, फ्यूजन... डोकं फिरतं. तुमच्यातल्या काही जणी तिकडे बरीच वर्षं शिकताहेत. चाळिशी उलटलेल्या नवशिकीने कुठून सुरुवात करावी?

— गंगापूर रोडवरून

*

अगं,

सगळ्यात आधी, कपडे बघून स्टाइल ठरवू नकोस. बहुतेक जणी तेच करतात आणि दिवाळीपर्यंत सोडून देतात. आधी संगीत ऐक. जे ऐकताना काम थांबतं, ती तुझी स्टाइल.

माझं मत विचारशील तर इजिप्शियन. इजिप्तमध्ये त्याला रक्स शर्की म्हणतात. लग्नाकार्यात घरोघरी नाचायचे तोच नाच १९२० च्या दशकात कैरोच्या नाइटक्लबांत रंगमंचावर आला. बदिया मसाबनी नावाच्या बाईंचा क्लब त्यात आघाडीवर. ताहिया कारिओका आणि सामिया गमाल तिथूनच पुढे येऊन सिनेमात गाजल्या. त्यांचे जुने कृष्णधवल तुकडे यूट्यूबवर सापडतील. बघ, किती कमी जागेत नाचतात त्या. फरशीच्या दोन लाद्या पुरतात.

कथकवालीला हेच जड जातं. आपल्याला पाय वाजवायची सवय, इथे पाय जवळजवळ मुके. साधा हिप ड्रॉप घे. वजन डाव्या पायावर, उजवा चवडा थोडा पुढे टेकलेला, टाच उचललेली. उजवा गुडघा सरळ करत आणलास की कमरेची ती बाजू वर जाते, गुडघा सैल सोडलास की खाली पडते. म्हणजे काम गुडघ्याचं, नाव कमरेचं. छाती उचललेली हवी, माकडहाड जमिनीकडे. आरशासमोर उभी राहून खांदे हलताहेत का एवढंच बघ, हलतच असतात. आणि दोन्ही गुडघे कायम किंचित वाकलेले, म्हणजे पाठ धरणार नाही.

टर्किश मला बघायला आवडतं. वेग जास्त, बोटांत झिल, म्हणजे छोट्या झांजा, वाजवत नाचतात, जमिनीवर बसून-झोपूनही करतात. पण पाया घट्ट झाल्यावर. फ्यूजन तर मुळीच आत्ता नको. मिसळायला आधी दोन गोष्टी धड यायला हव्यात ना!

ट्रायबलचा मोह तुला पडणार, कारण घागरा-चोळी, आरशांची कामं आणि अफगाणी दागिने असतात. १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कॅरोलीना नेरिचिओंनी ती बांधायला घेतली, २०२० पासून ती एफसीबीडी (त्यांच्या 'फॅटचान्स बेलीडान्स' या ग्रुपचं लघुरूप) स्टाइल म्हणून ओळखली जाते. उभं राहण्याच्या ढबीत फ्लेमेंको दिसतो, थोडं आपलंही दिसतं. गंमत अशी की नाच आधी बसवलेला नसतो. पुढे डावीकडे उभी असते ती खुणेने पुढची हालचाल सांगते, बाकीच्या तिच्या मागून करतात, मग पुढची जागा दुसरीकडे जाते. ती एकटीने शिकणं म्हणजे एकटीने फुगडी घालणं.

आमच्या बाई कॅलिफोर्नियाहून ऑनलाइन शिकवतात. संध्याकाळी सातला इथे सुरू होतं, म्हणजे तुझ्याकडे उन्हाळ्यात साडेसात, हिवाळ्यात साडेआठ, दुसऱ्या दिवशी सकाळी. कॅमेरा पायापर्यंत दिसेल असा लाव.

— फ्रीमॉन्टहून

*

मंडळी, स्त्रियांच्या चर्चेत तोंड घालतो, पण ठेक्याबद्दल कोणी बोललंच नाही. तबलावाल्याला राहवत नाही.

केरव्याच्या आठ मात्रा डोळ्यासमोर ठेवा. दुम् म्हणजे घुमणारा ठोका, तक् म्हणजे काठावरचा टणक, ऽ म्हणजे रिकामी मात्रा. आता तीन अरबी ठेके. मकसूम: दुम् तक् ऽ तक् दुम् ऽ तक् ऽ. पहिल्या तक्‌च्या जागी दुम् घातलात की बलदी: दुम् दुम् ऽ तक् दुम् ऽ तक् ऽ. मधे दोन दुम् जोडून आले की सईदी: दुम् तक् ऽ दुम् दुम् ऽ तक् ऽ. नाशिक ढोल ऐकत वाढलेल्याला सईदी एका फेरीत कळेल. तो दक्षिण इजिप्तचा ठेका. तिथे पुरुषांचा तहतीब नावाचा काठीचा खेळ आहे, २०१६ मध्ये तो युनेस्कोच्या यादीत आला. तीच काठी हलकी होऊन बायकांच्या नाचात आली. तुर्की नऊ मात्रांचा, दोन-दोन-दोन-तीन, त्याला पहिल्या वर्षी हात लावू नये.

नाचण्याआधी आठवडाभर नुसत्या टाळ्या द्या. (गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात हा नाच चालेल का, हा वाद कृपया या धाग्यावर नको. मागच्या वर्षी लावणीवरून झालेला पुरे.)

— ह्यूस्टनहून, काका

*

मीही परत आलेय! इंदिरानगरला असते, लिस्ट नुसती वाचते. कॅलिफोर्नियात असताना ट्रायबल शिकत होते, इथे जोडीला कोणी नाही म्हणून बंद पडलं. फ्रीमॉन्टच्या ताईंचं बाकी सगळं मान्य, पण नवशिक्यांना ट्रायबल उलट सोपं जातं. हालचाली ठरलेल्या, आणि सगळ्यांच्या नजरा एकटीवर नसतात. संकोची माणसाला हे फार. आणि फुगडीला दोघी पुरतात की!

— इंदिरानगर

*

अगंबाई, इतक्या जवळ! मला ती स्टाइल दाखव, पण मी वर्ग इजिप्शियनचाच लावतेय. काल रात्री सामिया गमालचे तुकडे बघत बसले आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, म्हणजे ताईंच्या कसोटीने ठरलंच. शनिवारी चारला आमच्या गच्चीत जमू. कमरेला बांधायला साधी सुती ओढणी आण, नाण्यांची नको. शेजारचे काका सोसायटीच्या ग्रुपवर लगेच लिहितात.

ह्यूस्टनच्या काकांना विनंती: बलदी संथ लयीत तबल्यावर वाजवून पाठवाल का? पाचेक मिनिटांचं पुरे.

— गंगापूर रोडवरून