मायकेल ओवेनच्या मांडीत नेमकं काय तुटलं होतं? आज एखाद्या पोराचं तेच झालं तर?

घोडबंदर_११
लिव्हरपूल आणि इंग्लंडचा स्ट्रायकर ओवेन १८ वर्षांचा असताना प्रीमियर लीगमध्ये १८ गोल, त्याच उन्हाळ्यात वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध तो गोल. एप्रिल १९९९ मध्ये लीड्सच्या मैदानावर पळता पळता हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) गेली. तरी २००१ चा बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्यालाच मिळाला. मग 'त्या दुखापतीने करिअर संपवलं' असं म्हणतात ते कितपत खरं?
विचारायचं कारण असं की ठाण्यातल्या आमच्या १७ वर्षांखालच्या संघातल्या विंगरला (मैदानाच्या कडेने धावणाऱ्या आक्रमकाला) दोन महिन्यांत दोनदा मांडीच्या मागे उसण भरली आहे. घरचे गरम शेक देऊन तेल चोळतात, चार दिवसांनी दुखायचं थांबलं की पोरगा मैदानात हजर. हे बरोबर आहे का?

नेरुळ_फिजिओ
आधी ओवेन. हॅमस्ट्रिंग म्हणजे एक स्नायू नाही, बसायच्या हाडापासून गुडघ्याखाली जाणारे तीन आहेत: बाहेरच्या बाजूला एक, आतल्या बाजूला दोन. त्यातला एक पूर्ण तुटला आणि तो शस्त्रक्रियेने परत जोडला गेला नाही. उजव्या पायात दोन आणि डाव्यात तीन, असं पुढची सगळी वर्षं खेळलो, हे ओवेनने स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे.
आता हा स्नायू पळताना करतो काय? पाय पुढे झेपावतो, गुडघा सरळ होत जातो, आणि पाऊल जमिनीला टेकायच्या क्षणभर आधी हॅमस्ट्रिंग ताणलेल्या अवस्थेतच त्या पायाला ब्रेक लावते. सर्वात जास्त लांबी आणि सर्वात जास्त जोर एकाच वेळी. तीन जणांचं ओझं दोघांवर आलं की तेही थकून फाटतात. नीट न भरलेल्या जागी तयार झालेला व्रण मूळ स्नायूसारखा लांबत नाही, म्हणून पुढची फाट बहुतेकदा त्याच्या शेजारीच पडते.
तुमच्या विंगरबद्दल: पहिले दोन-तीन दिवस शेक नको, चोळणं नको, ताणणं तर अजिबात नको. कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, आणि वर क्रेप बँडेज. लंगडत असेल तर कुबड्या.
आणि एक गोष्ट कृपा करून टाळू नका. या वयात बसायच्या हाडाची वाढीची पट्टी पूर्ण जुळलेली नसते. त्यामुळे कधीकधी स्नायू फाटण्याऐवजी तो हाडाचा कपचाच ओढून काढतो. बाहेरून ते साध्या उसणीसारखंच दिसतं. 'कट्' असा आवाज आला असेल, कडक बाकावर बसताना नितंबाच्या खालच्या हाडाशी दुखत असेल, तर कमरेखालच्या हाडांचा (पेल्व्हिसचा) साधा एक्स-रे आधी काढा. कपचा किती सरकलाय त्यावर ऑर्थोपेडिक सर्जन ठरवतील. मांडीमागे काळंनिळं होऊन गुडघ्यापर्यंत उतरलं असेल तर एमआरआय. वरचा टेंडन हाडापासून सुटला असेल तर पहिल्या काही आठवड्यांत जोडणं सोपं असतं, नंतर तो आक्रसून दूर जातो.

जुना_स्ट्रायकर
'करिअर संपलं' हे चूक, 'खेळ बदलला' हे बरोबर. २००१ ची एफए कप फायनल पुन्हा बघा: आर्सेनलविरुद्धचा दुसरा गोल, डावीकडून डिक्सन आणि अॅडम्सला मागे टाकून डाव्या पायाने. त्याच वर्षी म्युनिकमध्ये जर्मनीविरुद्ध हॅट्ट्रिक. वेग होता, पण तो रोज भरवशाचा राहिला नाही. बचावफळीच्या मागे मोकळ्या जागेत धावायची भीती बसली, हे त्याने निवृत्तीनंतर कबूल केलं. त्यामुळे धावा आखूड झाल्या, बॉक्समधली जागा हेरणं वाढलं. २००८ मध्ये न्यूकॅसल क्लबचा मॅनेजर कीगनने तर त्याला दोन स्ट्रायकरांच्या मागे खेळवलं. मांडी मात्र शेवटपर्यंत आडवी आलीच. २०१० च्या लीग कप फायनलमध्ये गोल केल्यावर हाफटाइमच्या आधीच बाहेर, पुन्हा हॅमस्ट्रिंग.
३१ डिसेंबर २००५ ला पायाचं हाड मोडलं ते गोलकीपरशी धडकून, त्याचं खापर मांडीवर फोडू नये. जून २००६ मध्ये स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटात लिगामेंट गेलं, तो गुडघा. तरीही इंग्लंडसाठी ८९ सामन्यांत ४० गोल. एवढं मोडूनही एवढं, हे विसरता कामा नये.

वाशी_कोच
फिजिओताईंनी उपचार सांगितले, पण दुसऱ्यांदा का झालं ते टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानावर) बघा. जून ते सप्टेंबर मैदानात चिखल, म्हणून पोरं जाळीतल्या छोट्या टर्फवर खेळतात. तिथे पूर्ण वेग गाठायला जागाच नसते, १०-१५ मीटर झाले की जाळी. चार महिने मांडीने पूर्ण वेग बघितलेलाच नसतो. ऑक्टोबरमध्ये मोठं मैदान मिळतं, विंगरला लांब पास येतो, ४० मीटरची धाव, आणि मांडी गेली! म्हणून पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा, पाऊस उघडलेला असताना, सरळ ५०-६० मीटर जागा शोधा. अंग पूर्ण गरम झाल्यावर चार ते सहा धावा, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. दुखापतीतून परतणाऱ्याला आधी चढावर पळवा, येऊरचा रस्ता पहाटे चांगला. चढावर पाऊल फार पुढे पडत नाही, म्हणून हॅमस्ट्रिंग कमी ताणली जाते. उतारावर चालतच यायचं.
सामने पण मोजा. आंतरशालेय, क्लबची लीग आणि रविवारची टर्फ स्पर्धा, तिन्हीकडचे कोच वेगळे, आणि बेरीज कुणीच करत नाही. वहीत मिनिटं लिहा.

घोडबंदर_११
एक्स-रे उद्याच काढतो. तो ठीक निघाला तर नॉर्डिक (हॅमस्ट्रिंग मजबूत करायचा व्यायाम) कधी सुरू करू, आणि मैदानात कधी सोडू?

नेरुळ_फिजिओ
झपझप चालणं आणि एका पायावरचा ब्रिज (पाठीवर झोपून एका पायाच्या जोरावर कंबर उचलणं) न दुखता जमला की नॉर्डिक. गुडघ्याखाली दुमडलेली सतरंजी, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे, कंबर न वाकवता शरीर सावकाश पुढे सोडायचं, शेवटी हातांवर झेलायचं. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, ५ चे २ सेट. दुसऱ्यात दोन दिवस, ६ चे २. तिसऱ्यापासून तीन दिवस, ६ ते ८ चे ३ सेट. पाचव्या आठवड्यापर्यंत तीन सेट १२, १० आणि ८ चे. पोरं घाई करतात आणि दोन दिवस अंग धरतं म्हणून सोडून देतात, तेवढं सांभाळा. सामन्याच्या आदल्या दिवशी नको.
मैदानात सोडायचं ते तारखेवर नाही. दाबून दुखत नाही, दोन्ही पाय सरळ सारखेच वर जातात, ६०, ७०, ८०, ९० टक्के वेगाच्या धावा वेगवेगळ्या दिवशी झाल्या. मग शेवटची परीक्षा: पाठीवर झोपवा, गुडघा सरळ राहील असा पट्टा बांधा, आणि पाय जमेल तितक्या झटक्यात वर उचलायला सांगा. दुखलं नाही तरी विचारा, 'भीती वाटली का?' किंचितही वाटली असेल तर अजून तीन-चार दिवस थांबून पुन्हा तीच परीक्षा घ्या.