‘स्कार टिश्यू’ला (जखम भरताना तयार होणाऱ्या ऊतीला) काय म्हणावं? (संदर्भ : गर्भपिशवीचं ऑपरेशन)

प्रश्न : रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात माझं वाक्य झालंय, ‘गर्भाशयात व्रणऊती पुनश्च निर्माण होण्यास प्रतिबंध’. सासूबाईंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, “आत जखम चिघळलीय का?” दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद १ : त्यांचं चुकलं नाही. संस्कृतात व्रण म्हणजे जखमच. त्यातूनच आलेला ‘वण’ मात्र भरलेल्या जखमेचा. ‘वणऊती’ करा.

प्रतिसाद २ : वणही नको, तो कातडीवरचा वाटतो. मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. आमच्याकडे सरळ ‘पिशवी आतून चिकटलीय’ म्हणतात आणि घडतंही तेच. क्युरेटिंगमध्ये, म्हणजे पिशवी साफ करताना, अस्तराचा तळचा थर खरवडला गेला, की समोरासमोरच्या भिंती एकमेकींना धरतात. पिशवीच्या टीबीनेही होतं, आपल्याकडे ते कारण विसरून चालत नाही. मग पाळी कमी येते, कधी बंदच होते. डॉक्टर याला ‘अ‍ॅशरमन’ म्हणतात. जोसेफ अ‍ॅशरमन यांनी १९४८ मध्ये यावर लिहिलं. खरं तर जर्मन डॉक्टर फ्रिट्श यांनी १८९४ मध्येच असा रुग्ण नोंदवला होता, पण नाव अ‍ॅशरमन यांचं राहिलं.

प्रश्नकर्ती : मग ‘आसंजन’ (adhesion, चिकटणं)?

प्रतिसाद १ : ते भौतिकशास्त्राच्या पुस्तकात राहू द्या!

प्रतिसाद २ : ‘चिकटलेला भाग दुर्बिणीतून सोडवला’ असं लिहा. आणि ‘प्रतिबंध’ काढाच. सोडवल्यावर भिंती काही दिवस लांब ठेवायला आत फुगा ठेवतात, हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल घालतात, अस्तर वाढावं म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या देतात. काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीने बघतात, कारण नवा पातळ पापुद्रा लवकर सुटतो. एवढं करूनही पिशवी परत चिकटू शकते, विशेषतः आधी जास्त चिकटली असेल तर. ‘प्रतिबंध’ वाचून बाई निर्धास्त होते आणि पुढच्या तपासणीला येत नाही.

आणखी एक. कधी कधी भिंती लांब ठेवायला तांबीसारखं साधन बसवतात. ते पाळणा लांबवायला नाही, हे ठळक लिहा. मूल हवं म्हणून आलेल्या बाईला ‘तांबी’ ऐकून धक्काच बसतो. तांब्याने आत दाह होतो, म्हणून यासाठी सहसा बिनतांब्याचंच साधन घेतात; तेव्हा शब्दही ‘तांबी’ नको.

प्रश्नकर्ती : ‘गर्भपिशवी पुन्हा चिकटण्याची शक्यता कमी करण्यासाठी’. चालेल?

प्रतिसाद २ : चालेल. फक्त ‘आतून’ घाला. सिझेरियननंतर पिशवी कधी कधी बाहेरून मूत्राशयालाही चिकटते, ते दुखणं निराळं.