स्मार्टवॉचची तबकडी : बॅटरी टिकावी आणि वडिलांना वेळ चटकन वाचता यावी

खानापूरकर :
नमस्कार. मी बेळगावात संगणकशास्त्र शिकत असून वडिलांच्या स्मार्टवॉचसाठी स्वतः तबकडी तयार करण्याचा विचार आहे. वडील उद्यमबागेतील एका फाउंड्रीत मोल्डिंगचे काम करतात. जवळचे वाचायला त्यांना चष्मा लागतो, पण कामावर तो ते काढून ठेवतात. घड्याळ वेअर ओएसवर (गूगलच्या स्मार्टवॉच-प्रणालीवर) चालणारे असून त्याचा गोल ॲमोलेड पडदा ४५४ गुणिले ४५४ पिक्सेलचा आहे. सध्याच्या तयार तबकडीवर सरकता सेकंदकाटा, पावले, हृदयाचे ठोके, हवामान आणि मागे रंगीत चित्र इतके सारे आहे की त्यातून वेळ शोधून काढावी लागते, आणि पाळी संपण्याआधीच बॅटरी संपते. पावसाळ्यात आमच्या गावी रात्री वीज गेली की चार्जिंगची खात्री नसते, म्हणून एका चार्जिंगवर दोन दिवस निघाले तर फार बरे होईल. अंक देवनागरीच हवेत. माझी अडचण अशी, की अंक ठळक केले तर पिक्सेल जास्त उजळतात आणि बारीक केले तर वडिलांना दिसत नाहीत. यातून मार्ग कसा काढावा?

उद्यमबागेतला :
प्रश्न चांगला मांडला आहे. आधी वीज कुठे जाते ते पाहू. ॲमोलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळा पिक्सेल बंद असतो, त्यामुळे मागचे रंगीत चित्र हा सर्वांत मोठा खर्च. ते आधी काढा आणि पार्श्वभूमी निव्वळ काळी ठेवा. दुसरा खर्च सेकंदकाट्याचा. मिनिटाला एकदा चित्र बदलले तर दिवसाला १,४४० वेळा बदलते, सेकंदाला एकदा बदलले तर ८६,४०० वेळा, आणि काटा सरकता असेल तर त्याच्याही कितीतरी पट. प्रत्येक वेळी पडद्याबरोबर प्रोसेसरलाही जागे व्हावे लागते. मोल्डिंगवाल्या माणसाला सेकंद पाहायची गरज क्वचितच पडत असेल. हवामान तासातून एकदा आणले तरी पुरते. माझ्या मते ते तबकडीवर नसलेलेच बरे.

अशा घड्याळाची तबकडी दोन अवस्थांत दिसते : मनगट उचलल्यावरची पूर्ण उजळ, आणि एरवीची मंद. मंद अवस्थेत एकूण पिक्सेलपैकी १५ टक्क्यांहून अधिक उजळू नयेत, असे वेअर ओएसची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, आणि या अवस्थेत चित्र मिनिटाला एकदाच बदलते. तुमच्या पडद्याचे वर्तुळ सुमारे १,६१,९०० पिक्सेलचे भरते, म्हणजे मर्यादा झाली सुमारे २४,३००. आता १४० पिक्सेल उंचीचा अंक घ्या, त्याच्या रेषेची एकूण लांबी साधारण ३५० पिक्सेल धरा. रेषा १६ पिक्सेल जाड ठेवली तर एका अंकाला ५,६०० आणि चार अंकांना २२,४०० पिक्सेल लागतील. मर्यादेत बसते, पण काठावर. तीच रेषा १० पिक्सेल केली तर १४,००० मध्ये, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आत काम होते. तेव्हा ठळकपणा सोडून देण्याची गरज नाही. उजळ अवस्थेत जाड रेषा, मंद अवस्थेत तीच आकृती जरा सडपातळ, असे करा. अंकांची जागा आणि उंची मात्र दोन्हीकडे एकच ठेवा, म्हणजे नजरेला पुन्हा शोधावे लागणार नाही.

तबकडीसाठी गूगलने सॅमसंगच्या सहकार्याने २०२३ मध्ये आणलेला वॉच फेस फॉरमॅट वापरा. त्यात तबकडीचे वर्णन एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणांनी मांडलेल्या साध्या मजकुरात, लिहायचे असते, स्वतःचा प्रोग्रॅम चालवायचा नसतो, त्यामुळे चित्र केव्हा बदलायचे याची बरीचशी काटकसर घड्याळच सांभाळते.

निपाणीचा अक्षरकार :
मी दुकानांच्या मराठी-कन्नड पाट्या करतो, म्हणून अंकांपुरते लिहितो. देवनागरीत १ आणि ९ लांबून एकमेकांत मिसळतात, कारण दोघांचीही ओळख लहानशा गोलावर टिकलेली असते. रेषा जाड करत गेलो की सर्वांत आधी हा गोल बुजतो आणि चष्मा नसलेल्या माणसाला नुसता एक ठिपका दिसतो. म्हणून जाडी वाढवण्याआधी गोल मोठा करा आणि शेपटी मोकळी सोडा. रुंदी सर्व अंकांची सारखी ठेवा, नाहीतर दर मिनिटाला ओळ डावी-उजवीकडे हलते. पाच वाजून सात मिनिटे दाखवताना तासाआधीचे शून्य लिहू नका. त्याने पिक्सेलही वाचतात आणि वाचणेही सोपे होते. तास वर आणि मिनिटे खाली अशा दोन ओळी केल्यास गोल पडद्यावर अंक आणखी मोठे बसतात.

रंगाबाबत माझे मत ठाम आहे : निळा नको. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश आत कमी पोहोचतो, त्यामुळे काळ्यावरचा निळा अंक वडिलांना तुमच्यापेक्षा बराच फिका दिसेल. ॲमोलेडमध्येही निळा हाच सर्वांत खर्चिक रंग. पिवळट हिरव्याला आपली दृष्टी सर्वाधिक संवेदनशील असते, म्हणून तो किंवा हळदीचा पिवळा घ्या.

खानापूरकर :
दादा, आपले व अक्षरकारांचे मनापासून आभार. एक राहिले : वडिलांचा हात दिवसभर साच्यांवर हलत असतो आणि पडदा उगाचच उजळत राहतो. त्यावर तबकडीतून काही करता येते का?

उद्यमबागेतला :
तबकडीतून नाही, सेटिंगमधून करता येते. मनगट उचलल्यावर जागे होणे बंद करा आणि सतत चालू राहणारा मंद पडदा चालू ठेवा. वेळ कायम समोर असेल, तर पूर्ण उजळण्याची गरज फक्त बोट लावल्यावर पडेल. हातमोजे असले तरी मंद अंक दिसतातच. फक्त मंद अवस्थेतील अंक दर मिनिटाला दोन-तीन पिक्सेल इकडेतिकडे सरकतात की नाही, हे तपासा. एकाच जागी महिनोन्‌महिने उजळलेल्या पिक्सेलचा कायमचा डाग पडू शकतो. आणि बदल एकावेळी एकच करा. रात्री झोपताना व सकाळी उठल्यावर बॅटरीची टक्केवारी लिहून ठेवा, म्हणजे कोणत्या बदलाने किती वाचले ते कळेल.

चिकोडीचा शेतकरी :
थोडी भर घालतो. माझे घड्याळ गार्मिनचे, परावर्तित प्रकाशावर दिसणाऱ्या पडद्याचे आहे. २०१३ च्या पेबल या स्मार्टवॉचमध्येही याच जातीचा पडदा होता. यात प्रत्येक पिक्सेल आपली स्थिती धरून ठेवतो आणि उसाच्या फडात भर दुपारी अंक उलट जास्त स्पष्ट दिसतात. मात्र वरचा काळ्या पार्श्वभूमीचा नियम इथे लागू करू नका, कारण काळे ठेवून वीज वाचत नाही. पांढऱ्यावर काळे अंकच इथे चांगले वाचता येतात. पुढे हीच तबकडी इतर घड्याळांसाठी देणार असाल, तर रंगांची उलटी जोडी आतापासूनच वेगळी तयार ठेवा.