चित्राआधी कार्डाची पाठ पाहावी

व्हिक्टोरिया टर्मिनसचे चित्र असलेले, तारीख नसलेले पोस्टकार्ड किती जुने असावे, हा प्रश्न इमारतीवरून सुटणार नाही. १८८८ मध्ये पूर्ण झालेली ती वास्तू पुढे कित्येक दशके कार्डांवर जवळपास तशीच दिसत राहिली. कार्ड उलटून पाहावे. ब्रिटनने १९०२ मध्ये पाठीचे दोन भाग करून एका भागात मजकूर लिहिण्यास परवानगी दिली आणि ती पद्धत हळूहळू इतरत्रही रुळली. त्यापूर्वी पाठ केवळ पत्त्यासाठी राखीव असल्याने चित्राच्या कडेलाच दाटीवाटीने खुशाली लिहावी लागे. तिकिटावर ब्रिटिश राजा पंचम जॉर्ज असल्यास कार्ड १९११ च्या आधी टपालात पडलेले नाही, हे नक्की.

आम्हा मूर्तिजापूर-अचलपूरकडच्यांचा जीव मात्र शकुंतला या आमच्या छोट्या रेल्वेगाडीत अडकलेला. वऱ्हाडचा कापूस वाहणाऱ्या या अडीच फुटी रुळांवर १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले. तरी मुंबईच्या स्थानकांची कार्डे हवी तितकी मिळतात आणि आमच्या गाडीचे एकही अद्याप माझ्या हाती लागलेले नाही. (बाजाराच्या दिवशी रद्दीवाल्याकडे चौकशी असतेच.) म्हणूनच कोऱ्या, चकचकीत कार्डापेक्षा आमच्याच भागातल्या बडनेऱ्याचा टपालशिक्का असलेले मळके कार्ड मी आधी उचलतो.