सेन्सर काढायची घाई नको

वर एका दादांनी लिहिलंय की जायरो (होडी किती वेगाने वळतेय हे मोजणारा सेन्सर) चांगला असला तर शिडाच्या होडीच्या ऑटोपायलटला सुकाणूचा कोन सांगणारा सेन्सर लागतच नाही. पायपायलट हे ऑटोपायलटचं मोफत सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय चालतं, हे खरं. पण वारा वाढला की होडी कलते आणि तोंड वाऱ्याकडे वळवू पाहते. तेव्हा सरळ जायलाही सुकाणू सतत तिरपं धरावं लागतं. तो कोन डोळ्यांसमोर असला की शीड कमी करायची वेळ झाली हे लगेच कळतं. माझ्या मते सेन्सरचा खरा फायदा हाच.

मी भंडारा जिल्ह्यातला. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात चार फुटी मॉडेल चालवतो. आधी कोन मोजायला साधं पोटेन्शिओमीटर (कार्बनच्या पट्टीवर काटा घासत फिरतो तो भाग) लावलं होतं. दोन हंगामांत सुकाणू मधोमध असतानाच आकडे उड्या मारायला लागले. उघडून पाहिलं तर कार्बनच्या काळ्या पट्टीचा नेमका मधला भाग घासून गेलेला, दोन्ही टोकं मात्र कोरी! सुकाणू बहुतेक वेळ मध्याजवळच हलतं ना. आता हॉल सेन्सर (चुंबक न शिवता त्याच्या फिरण्यावरून कोन ओळखणारा) बसवलाय, त्यात घासणारं काहीच नाही.

जोडताना सेन्सरची आणि सुकाणूची दांडी सारख्या लांबीची, एकमेकींना समांतर ठेवा, म्हणजे कोन जसाच्या तसा मिळतो. सांध्यात ढिलाई अजिबात नको. माझ्याकडे ती थोडीशीच होती, तरी मोटर विनाकारण इकडून तिकडे करत बॅटरी खायची. बसवल्यावर आधी सुकाणू मधोमध असतानाचा आकडा नोंदवा, मग दोन्ही टोकांचे.