मदत हवी आहे: १५ हजारांत घरी चांगला आवाज कसा मिळवावा?

नमस्कार मंडळी. बाबांच्या जवळपास ३०० सीडी मी लॅपटॉपवर फ्लॅक स्वरूपात (आवाजाचा दर्जा न घटवता फाइल लहान करणारं स्वरूप) उतरवून घेतल्या (१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सीडीचाच दर्जा). बहुतेक ख्यालगायन, थोडी नाट्यगीतं. बाबांचा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर अजून ठणठणीत आहेत. पण लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वायर जोडली की मागे बारीक घरघर येते आणि तानपुऱ्याची आस त्यात बुडून जाते. चार्जर काढला की घरघर बरीच कमी होते, म्हणजे दोष अर्थिंगच्या वाटेने येत असावा असं वाटतं.

दोन-तीन हजारांचा यूएसबी डॅक (लॅपटॉपमधल्या डिजिटल गाण्याचं बाहेर अ‍ॅम्प्लिफायरला चालेल अशा सिग्नलमध्ये रूपांतर करणारी छोटी डबी) लावला तर हे थांबेल का? की ग्राउंड लूप आयसोलेटरही (अर्थिंगच्या वाटेने येणारी घरघर अडवणारं छोटं उपकरण) लागेल? दुकानदार म्हणतो, सगळं काढा आणि साउंडबार घ्या. मला ते पटत नाही. सिनेमाला तो ठीक, पण बाबांना गाणं समोर बसून ऐकल्यासारखं हवंय.

खोली १० बाय १२ फुटांची, स्पीकर भिंतीला टेकून कपाटावर आहेत. ते पुढे ओढून कानाच्या उंचीवर ठेवल्याने किती फरक पडतो? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे.